समजून घेणं आणि समजूत काढणं

‘भावनिक बुद्धिमत्ता’ हा शब्द वापरून वापरून इतका गुळगुळीत झालाय, की त्याला मुळात काही धार होती हे आठवतही नाही. ‘माणसं सांभाळता आली पाहिजेत’ एवढ्याच अर्थाने तो उच्चारला जातो आणि सगळे माना डोलावतात. म्हणूनच, ज्यांनी ही संकल्पना शास्त्रीय चौकटीत मांडली त्यांच्याच हाती पुढे एक भलंमोठं विद्यापीठ आलं तेव्हा काय झालं, हे नीट पाहण्यासारखं आहे. पीटर सॅलोव्ही १ जुलै २०१३ ते ३० जून २०२४ अशी अकरा वर्षं अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे अध्यक्ष होते. त्यांची कारकीर्द वाचताना मला सारखे आपल्या भाषेतले दोन शब्दप्रयोग आठवत राहिले: समजून घेणं आणि समजूत काढणं. दिसायला भावंडं, पण पहिल्यात ऐकणाऱ्याला बदलावं लागतं आणि दुसऱ्यात गाऱ्हाणं सांगणाऱ्याला. मोठ्या पदावरची माणसं पहिल्याच्या नावाखाली दुसरं करतात, आणि आपण त्यालाच सहृदयता म्हणून दाद देतो. माझी तक्रार आहे ती याबद्दल.

गोष्ट सुरू होते एका भिंतीपासून. १९८७ च्या उन्हाळ्यात सॅलोव्ही आपल्या नव्या घराला रंग लावत होते आणि मदतीला त्यांचे मित्र, मानसशास्त्रज्ञ जॉन मेयर आले होते. हातात ब्रश आणि तोंडी कामाच्या गप्पा. बुद्धीवर संशोधन करणारे एकीकडे, भावनांवर करणारे दुसरीकडे, आणि दोघांचा एकमेकांशी संवादच नाही, हे दोघांनाही खटकत होतं. त्या गप्पांतून पुढे १९९० साली एक शोधनिबंध आला. भावनिक बुद्धिमत्तेची त्यांनी केलेली व्याख्या साधारण अशी: स्वतःच्या आणि इतरांच्या भावना टिपणं, त्यांतले फरक ओळखणं, आणि या माहितीचा उपयोग विचार व कृती यांना दिशा देण्यासाठी करणं.

यातला ‘माहिती’ हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा आहे. भावना म्हणजे विचारात शिरलेला गोंधळ, ती बाजूला सारली की डोकं नीट चालतं, अशी फार जुनी समजूत होती. सॅलोव्ही आणि मेयर यांनी ती उलटी केली. राग काही सांगत असतो, भीती काही सांगत असते. ते ऐकून पुढे काय करायचं ते ठरवा. रागावलेल्या माणसाला थंड करा, असं त्या व्याख्येत कुठेच म्हटलेलं नाही.

१९९५ साली पत्रकार डॅनिएल गोलमन यांचं याच नावाचं पुस्तक आलं आणि संकल्पना घराघरांत पोचली. पोचताना बरीच पसरटही झाली. चिकाटी, उत्साह, आशावाद, चारित्र्य असं जे जे चांगलं ते सगळं तिच्यात कोंबलं गेलं. मेयर आणि सॅलोव्ही यांनी यावर वेळोवेळी हरकत घेतली. त्यांच्या लेखी ही एक क्षमता होती, मोजता येण्याजोगी. १९९७ मध्ये त्यांनी तिचे चार भाग पाडले: भावना ओळखणं, विचाराला तिची जोड देणं, ती कशी उपजते आणि कशी बदलते हे समजणं, आणि तिचं नियमन करणं. २००२ मध्ये डेव्हिड करुसो यांच्यासह १४१ प्रश्नांची चाचणीही तयार झाली.

ती चाचणी जरा जवळून पाहू, कारण पुढच्या सगळ्या वादाचं बी मला तिच्यात दिसतं. समोर एका चेहऱ्याचा फोटो असतो. खाली भावनांची यादी, आणि प्रत्येकीपुढे पाच पायऱ्या: या चेहऱ्यावर आनंद किती, भीती किती, आश्चर्य किती. तुम्ही उत्तर देता. पण बरोबर उत्तर ठरवायचं कुणी? गणितात पायरी तपासून उत्तर ताडता येतं, चेहऱ्याचं तसं नाही. म्हणून दोन वाटा काढल्या गेल्या. एक, बहुतेक लोक जे उत्तर देतात ते बरोबर. दोन, भावनांचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञांचा कल जिकडे ते बरोबर. त्यासाठी २१ संशोधकांची उत्तरं घेतली होती. या पद्धतीवर टीका झाली, आणि ती रास्त होती. बहुतेकांना एखादी गोष्ट जशी वाटते तशीच ती असते असं गृहीत धरलं, की ज्याला वेगळं जाणवतं त्याला आपोआप कमी गुण मिळतात. कागदावरच्या चाचणीत हे चालून जाईल. हजारो विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात कसं चालेल?

सॅलोव्ही येलमध्ये नवखे नव्हते. १९८६ मध्ये तिथेच पीएचडी केली आणि तिथेच शिकवायला लागले. त्यांच्या मार्गदर्शक जुडिथ रोडिन पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या अध्यक्ष झाल्या. येललाही मानसशास्त्रज्ञ अध्यक्ष नवा नव्हता, १९२१ ते १९३७ जेम्स रोलंड एंजल हे त्या खुर्चीत होते. सॅलोव्ही आधी पदव्युत्तर शाखेचे डीन, मग २००४ पासून येल कॉलेजचे, म्हणजे पदवीच्या शाखेचे डीन, २००८ पासून प्रोव्होस्ट, म्हणजे अध्यक्षांखालोखालचे शैक्षणिक प्रमुख, आणि २०१३ मध्ये अध्यक्ष. वर्गात लोकप्रिय, विद्यार्थ्यांत मिसळणारा, फावल्या वेळात ब्लूग्रास या अमेरिकी लोकसंगीताच्या बँडमध्ये बास वाजवणारा माणूस. लोकांना ते मनापासून आवडत, आणि मलाही वाचताना आवडले, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

त्यांचं आणखी एक काम सहसा कुणी उल्लेखत नाही. एकच आरोग्यसंदेश दोन तऱ्हांनी सांगता येतो: हे केलंत तर हा फायदा, किंवा हे टाळलंत तर हा तोटा. अलेक्झांडर रोथमन यांच्यासह त्यांनी दाखवलं, की कुठला मांडणीप्रकार लागू पडतो ते कृतीवर अवलंबून असतं. उन्हापासून त्वचा जपण्यासारख्या प्रतिबंधक गोष्टींना फायद्याची भाषा मानवते, तर स्तनांच्या कर्करोगाच्या तपासणीसारख्या, काहीतरी वाईट निघण्याची धास्ती असलेल्या गोष्टींना तोट्याची. उपयोगी संशोधन आहे हे, त्याने माणसं तपासणीला जातात. पण शब्द फिरवल्याने माणूस कसा फिरतो हे इतकं नेमकं जाणणारा जेव्हा अध्यक्ष होतो, तेव्हा एक मोह त्याच्या वाटेत उभाच असतो: मांडणी सुधारली म्हणजे प्रश्न सुटला, असं वाटण्याचा.

आता ऑक्टोबर २०१५. हॅलोविन या वेगवेगळे वेश घालून साजरा होणाऱ्या सणाच्या आधी येलच्या एका समितीने विद्यार्थ्यांना ईमेल पाठवला: दुसऱ्यांच्या संस्कृतीची टर उडवणारे वेश टाळा. त्यावर सिलिमन या निवासी कॉलेजच्या (येलचे पदवीचे विद्यार्थी अशा कॉलेजांत राहतात-जेवतात) सहप्रमुख एरिका क्रिस्टाकिस यांनी आपल्या विद्यार्थ्यांना लिहिलं, की कुणी काय घालावं हे संस्थेने ठरवावं का? तरुणांना चुकण्याची, आगाऊपणाची थोडी मोकळीक नको का? तो ईमेल वाचून काहींना दिलासा वाटला. बालविकासाच्या अभ्यासक बाईंनी मोठ्या झालेल्या मुलांवर टाकलेला विश्वास त्यांना त्यात दिसला. दुसऱ्या काहींना, विशेषतः कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना, त्यात आपल्या रोजच्या अवहेलनेची पाठराखण दिसली. तो चेहरा आणि त्या पाच पायऱ्या आठवा. बहुसंख्यांचं उत्तर बरोबर धरायचं, की तज्ज्ञांचं, की ज्याला दुखलं त्याचं?

सॅलोव्हींनी जे केलं ते त्यांच्या स्वभावाला धरून होतं. विद्यार्थ्यांना बोलावलं, तासन्‌तास ऐकलं, विद्यापीठ तुमच्या बाबतीत कमी पडलं असं कबूल केलं. एवढ्या मोठ्या पदावरच्या माणसाने खोलीत बसून असं म्हणणं सोपं नसतं, आणि त्याची मी थट्टा होऊ देणार नाही. लगेच नोव्हेंबरमध्ये वंश आणि अस्मिता यांच्या अभ्यासासाठी केंद्र, सांस्कृतिक केंद्रांना जास्त निधी अशा घोषणाही झाल्या. एरिका आणि सिलिमनचे प्रमुख असलेले त्यांचे पती निकोलस, हे क्रिस्टाकिस दांपत्य पदावर राहील, हेही जाहीर झालं. पण मूळ प्रश्न तसाच राहिला. असं पत्र लिहिण्याचा हक्क प्राध्यापकाला आहे की नाही, आणि असेल तर त्याच्यामागे विद्यापीठ किती ठाम उभं राहणार? येलजवळ याचं लेखी उत्तर १९७४ पासून आहे. इतिहासकार सी. व्हॅन वुडवर्ड यांच्या समितीचा अहवाल सांगतो, की विद्यापीठात सलोख्यापेक्षा मुक्त अभिव्यक्ती वरची. खुद्द सॅलोव्हींनी २०१४ मध्ये नव्या विद्यार्थ्यांपुढच्या भाषणात हाच अहवाल उचलून धरला होता. वर्षभराने तो खऱ्या कसोटीला लागला, तेव्हा त्यातलं तत्त्व दोन्ही बाजूंना तितक्याच स्पष्ट शब्दांत सांगायला हवं होतं. एरिका क्रिस्टाकिस यांनी डिसेंबरमध्ये येलमध्ये शिकवणं सोडलं. २०१६ च्या मेमध्ये दोघांनी सिलिमनची जबाबदारीही सोडली. विद्यार्थ्यांनाही आपण जिंकलो असं वाटलं नाही. सगळ्यांची थोडी थोडी समजूत निघाली आणि कुणालाच उत्तर मिळालं नाही.

याहून बोलकं प्रकरण कॅलहून कॉलेजचं. जॉन कॅलहून १८०४ चे येलचे पदवीधर, पुढे अमेरिकेचे उपाध्यक्ष. गुलामगिरी ही नाइलाजाने सोसायची वाईट गोष्ट नसून हितकारक व्यवस्था आहे, असं ठासून सांगणारे. त्यांच्या नावाच्या कॉलेजात कृष्णवर्णीय मुलं राहत, जेवत, अभ्यास करत. नाव बदला, ही मागणी जुनी होती. एप्रिल २०१६ मध्ये सॅलोव्हींनी निर्णय दिला: नाव राहील. इतिहास पुसण्यापेक्षा त्याला सामोरं जाऊन शिकावं, असा त्यामागचा विचार. त्याच वेळी कॉलेजप्रमुखांची ‘मास्टर’ ही उपाधी मात्र काढून टाकली. कारण त्या शब्दाला गुलामांच्या मालकाचा वास येत होता.

वाचायला हे समतोल वाटतं. मला ते शिक्षकाच्या मनाचं उत्तर वाटतं: ही वेदना आपल्या सगळ्यांना काही शिकवेल. पण शिकायचं सगळ्यांनी आणि वेदना सोसायची काहींनीच, हा हिशेब त्यात मांडलेला नव्हता.

दोन महिन्यांनी, जूनमध्ये, त्या कॉलेजच्या जेवणघरात काम करणाऱ्या एका कृष्णवर्णीय कर्मचाऱ्याने झाडूचा दांडा घेतला आणि खिडकीतली रंगीत काच फोडली. काचेवर कापूस वाहून नेणारे गुलाम चितारलेले होते. रोज त्या चित्राखाली तो ताटं उचलत होता. आधी त्याला अटक झाली, नोकरी गेली. मग लोक खवळले, येलने खटला पुढे रेटायचा नाही असं ठरवलं आणि जुलैमध्ये त्याला कामावर परत घेतलं. भावनांच्या कुठल्याही चाचणीत न मावणारी माहिती त्या दांड्यात होती. चर्चासत्रांत, खुल्या सभांत, पत्रव्यवहारात ती कुणाच्याच कानी आली नव्हती, कारण जेवणघरात वाढणाऱ्याला त्या सभेचं बोलावणं नसतं.

ऑगस्टमध्ये सॅलोव्हींनी एक समिती नेमली. तिचं काम कॅलहूनचा निकाल लावणं नव्हतं. कुठलंही नाव बदलायचं की नाही ते कशावरून ठरवावं, याची तत्त्वं तिने घालून द्यायची होती. कायद्याचे इतिहासकार जॉन फेबियन विट तिचे प्रमुख. समितीने जे प्रश्न पुढे ठेवले ते साधे आणि कठोर आहेत. त्या व्यक्तीचा मुख्य वारसा विद्यापीठाच्या ध्येयाच्या मुळावर येतो का? तिच्या हयातीतच तिच्या त्या कामाला विरोध झाला होता का? नाव देताना विद्यापीठाने कशाचा गौरव केला होता? त्या इमारतीचा माणसं एकत्र बांधण्यात काही वाटा आहे का? कॅलहून यांचं नाव या प्रश्नांपुढे टिकलं नाही. ११ फेब्रुवारी २०१७ ला बदल जाहीर झाला आणि कॉलेजला संगणकशास्त्रज्ञ ग्रेस हॉपर यांचं नाव मिळालं. १९३४ मध्ये येलमधून गणितात पीएचडी केलेल्या, पुढे अमेरिकी नौदलात रिअर ॲडमिरल झालेल्या बाई.

एका वर्षाच्या आत निर्णय फिरवला म्हणून सॅलोव्हींवर टीका झाली. दबावाला बळी पडले, असं म्हटलं गेलं. मला उलट वाटतं. त्यांच्या अकरा वर्षांतलं हे सगळ्यात अस्सल काम आहे, आणि त्यांच्या स्वतःच्या सिद्धान्ताशी सगळ्यात इमान राखणारंही. लोकांच्या संतापातून माहिती घेतली, तिच्या उजेडात आपला आधीचा निर्णय तपासला, आणि नवा निर्णय ‘मला वाटतं’ यावर न ठेवता कुणालाही वाचता येतील अशा निकषांवर ठेवला. उद्या अध्यक्ष बदलला तरी ते निकष तिथे राहणार. सहृदय माणूस निवृत्त होतो, नियम होत नाही.

हे त्यांना जमलं, म्हणूनच दुसरी एक गोष्ट मला जास्त लागते. मन खचलं म्हणून शिक्षण थांबवावं लागणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी येलचा नियम वर्षानुवर्षं फार कडक होता. अशा विद्यार्थ्याने नाव काढून घ्यायचं, कॅम्पस सोडायचा, आणि बरं वाटल्यावर परत येण्यासाठी नव्याने अर्ज करायचा. कल्पना करा: एकोणीस-वीस वर्षांचं पोर, रात्र रात्र झोप नाही, आणि मदत मागायला जावं तर मनात पहिला हिशेब हा, की खरं सांगितलं तर इथून घालवतील. ज्याने बोलायला हवं तोच या भीतीने गप्प बसतो. विद्यार्थ्यांनी हे वारंवार सांगितलं. २०१५ मध्ये काही अटी सैल झाल्या, पण ढाचा तोच राहिला. नोव्हेंबर २०२२ मध्ये विद्यार्थी आणि माजी विद्यार्थ्यांच्या एका गटाने विद्यापीठावर अपंगत्वविषयक कायद्याखाली दावा ठोकला. जानेवारी २०२३ मध्ये नियम बदलला. आता अशा मुलाचं नाव न काढता त्याला वैद्यकीय रजा मिळते, येलचा आरोग्य विमा चालू ठेवता येतो, परतण्याची वाट सोपी होते. ऑगस्टमध्ये तडजोड झाली आणि खास परिस्थितीत कमी विषय घेऊन शिकण्याचीही सोय झाली.

येल कॉलेजचे डीन, प्रोव्होस्ट, अध्यक्ष अशा तीन खुर्च्यांवरून हा नियम सॅलोव्हींच्या नजरेसमोर होता. २०१३ मध्ये, ते अध्यक्ष झाले त्याच वर्षी, येलमध्ये भावनिक बुद्धिमत्तेचं केंद्र उभं राहिलं, आणि शाळांमधल्या मुलांना आपल्या भावना ओळखायला शिकवणारा तिथला कार्यक्रम खरोखर मोलाचा आहे. पैशाची अडचण होती म्हणावं तर येलची गंगाजळी त्यांच्या काळात सुमारे २०.८ अब्ज डॉलरवरून २०२३ पर्यंत ४०.७ अब्जांवर गेली. तरी रजेचं ते कलम बदलायला दावा लागला. सॅलोव्हींना त्या मुलांची कणव नव्हती असं मी म्हणणार नाही, माझा तसा विश्वासही नाही. कणव होती, पण ती अध्यक्षांच्या कचेरीत राहिली आणि नियम विद्यार्थ्याच्या हातात पडला. खचलेल्या मुलाची गाठ अध्यक्षांशी पडत नसते. ती पडते कलमाशी, फॉर्मशी, विम्याच्या कार्डाशी.

यावर कुणी म्हणेल, मग कोरडा, कायद्यावर बोट ठेवणारा प्रशासकच बरा. अजिबात नाही. कोरड्या माणसाला तर झाडूच्या दांड्यात मोडतोडीखेरीज काही दिसलंच नसतं. आणि सिद्धान्त माहीत असणं पुरेसं नसतं, याचा दाखला सॅलोव्ही अध्यक्ष झाले त्याच वर्षीचा आहे. बुद्धिमत्तेचे नामांकित संशोधक रॉबर्ट स्टर्नबर्ग, हेही अनेक वर्षं येलच्याच मानसशास्त्र विभागात होते. यशस्वी बुद्धिमत्ता आणि शहाणपणाचं नेतृत्व यांवर त्यांनी भरपूर लिहिलंय. १ जुलै २०१३ लाच ते वायोमिंग विद्यापीठाचे अध्यक्ष झाले आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांचे एकामागून एक राजीनामे पडत असताना नोव्हेंबरमध्ये पायउतार झाले. पाच महिनेही नाहीत. त्या मानाने सॅलोव्हींची अकरा वर्षं बरंच काही सांगतात. माणसं वाचता येणाऱ्यालाच अशी खुर्ची टिकवता येते. फक्त टिकणं ही नेत्याची गरज असते, विद्यापीठाची नव्हे, आणि या दोन गोष्टी आपण फार सहज एक करून टाकतो.

त्यांच्या खात्यावर आणखीही आहे. २०१७ मध्ये दोन नवी निवासी कॉलेजं उघडली आणि पदवीसाठी जास्त मुलांना जागा झाली. २०२० मध्ये येल आणि गुलामगिरी यांच्या नात्याचा अभ्यास सुरू झाला, इतिहासकार डेव्हिड ब्लाइट यांनी तो पुरा केला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये विद्यापीठाने जाहीर माफी मागितली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, एप्रिलमध्ये, गाझाच्या प्रश्नावर कॅम्पसमध्ये तंबू ठोकून बसलेल्या चाळीसहून अधिक आंदोलकांना अटक झाली. त्या वसंतात अमेरिकेत शांत स्वभावाचे अध्यक्ष आणि तापट स्वभावाचे अध्यक्ष साधारण एकाच ठिकाणी येऊन पोचले, आणि तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

अध्यक्ष निवडताना आता जवळजवळ सगळीकडे उमेदवाराची सहानुभूती जोखली जाते. तो डोळ्यांत पाहून बोलतो का, ऐकतो का, रागावलेल्या गटासमोर शांत राहतो का. हे पाहावंच. पण ते पाहून झाल्यावर त्याच्यापुढे त्याच्या आधीच्या संस्थेचं विद्यार्थ्यांचं नियमपुस्तक ठेवावं, रजेचं प्रकरण उघडावं, आणि विचारावं, की यातलं कुठलं कलम तुम्ही एखाद्याचं ऐकून बदललंत, आणि ऐकल्यापासून बदलेपर्यंत किती दिवस गेले. ज्या जेवणघरात ती काच फुटली तिथे नव्या काचा बसायला २०२२ साल उजाडलं. बार्बरा अर्ल थॉमस या कृष्णवर्णीय चित्रकर्तीने त्या केल्या आहेत. मुलं आता त्यांच्याखाली बसून जेवतात.